सिमिलीपालचे काळे वाघ आणि ताडोबाच्या वाघिणी

२०२४ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पातून जमुना आणि झीनत या दोन तरुण वाघिणी ओडिशातील सिमिलीपालच्या अरण्यात नेण्यात आल्या. आणि त्यांपैकी झीनत जेव्हा त्या नव्या मुलखाकडे पाठ फिरवून झारखंडातून बंगालच्या पुरुलिया-बांकुडा जिल्ह्यांपर्यंत चालत गेली व डिसेंबरच्या २९ तारखेस गुंगीचे इंजेक्शन देऊन पकडली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिच्या भटकंतीचीच वर्णने अधिक आली. तिला इतक्या दूर का धाडले, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर सिमिलीपालच्या वाघांच्या अंगावरील पट्ट्यांत आहे.

याच विषयावर माझ्या दोन स्नेह्यांत झालेला वाद मी लक्षपूर्वक ऐकला व त्यांच्या संमतीने येथे देत आहे. आप्पासाहेबांची सारी हयात वनखात्याच्या चाकरीत, आणि तीही बहुतेक चांद्याकडच्या रानात गेली. बाई (आम्ही सारे त्यांना याच नावाने हाक मारतो) महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. दोघांच्या मतांत अंतर मोठे असले, तरी वाघाविषयीची कळकळ दोघांच्याही ठायी सारखीच आहे.

आप्पासाहेब : बाई, प्रथमच सांगून टाकतो की वाघिणी पाठविण्याची ही मसलत मला पटलेली नाही. जगाच्या पाठीवर मोकळ्या रानात काळे वाघ आज आढळतात ते एकट्या सिमिलीपालात. साध्या वाघाच्या अंगावर पिवळ्यावर काळे पट्टे असतात. येथे तेच पट्टे इतके रुंदावले आणि एकमेकांत मिसळले आहेत की पाठीवर जवळजवळ सलग काळोख पसरलेला, आणि खाली कुशीवर व मांड्यांवर पिवळ्या रंगाच्या बारीक रेघा तेवढ्या शिल्लक. १९९३ साली तेथील एका आदिवासी तरुणाने जीव वाचविण्यासाठी बाणाने मारलेल्या वाघिणीचे कातडे हाती आले, तोवर पुष्कळ जाणते लोकदेखील या वाघाला रानगप्पांतच जमा करीत. ओडिशा वनखात्याच्या २०२३-२४ च्या गणनेत सिमिलीपालातील २७ प्रौढ वाघांपैकी १३ या वर्णाचे निघाले. असा ठेवा दैवयोगाने लाभला असता आपण आपल्याच जिल्ह्यातून बाहेरचे रक्त नेऊन तो पातळ करावयाचा, हे कोणत्या न्यायाने?

बाई : आप्पासाहेब, आपण सांगितलेला १३ चा आकडाच मला चिंतेत टाकतो. हा रंग कशाने येतो, ते प्रथम पाहू. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली याचा उलगडा केला. टॅकपेप नावाच्या एका जनुकात एका अक्षराचा फेर झालेला आहे, आणि गर्भावस्थेत कातडीवर पट्ट्यांची आखणी होते त्या वेळी तो फेर पट्ट्यांना आपली मर्यादा राखू देत नाही. याच जनुकातील बिघाडाने पाळीव मांजराच्या अंगावरच्या सरळ रेघांची वळणदार नक्षी होते. आफ्रिकेतील ज्या चित्त्याच्या पाठीवर ठिपक्यांऐवजी लांब काळे पट्टे असतात आणि ज्याला १९२७ साली प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी निराळी जातच ठरवून ‘राजचित्ता’ केले, त्याचेही रहस्य हेच. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेतील डी वाइल्ट येथे साध्या ठिपक्यांच्या आईबापांपोटी असे पिल्लू जन्मले, तेव्हा ती निराळी जात बरखास्त झाली.

आता मुद्दा असा की हे जनुक अप्रभावी आहे. घराण्याच्या पेटीत तळाशी पडलेल्या जुन्या दस्तऐवजाप्रमाणे ते पिढ्यान् पिढ्या निमूट राहते. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती एकाच बछड्याच्या वाट्याला आल्या तरच ते उघड होते. या संशोधकांनी इतर रानांतले आणि प्राणिसंग्रहालयांतले मिळून जवळजवळ ४०० वाघ तपासले. नंदनकानन आणि चेन्नई येथील काही बंदिस्त वाघ वगळता हा फेर कोठेही आढळला नाही. जो फेर देशातल्या दुसऱ्या कोणत्याही रानात सापडत नाही तो एका रानात निम्म्या वाघांच्या अंगावर उमटावा, याचा अर्थ तेथील बहुतेक वाघ एकमेकांचे जवळचे आप्त आहेत आणि बाहेरचा नर तेथे कित्येक पिढ्यांत आलेला नाही.

आप्पासाहेब : आप्त असतील. परंतु त्यांना व्याधी कोणती जडली आहे ते दाखवा. हे वाघ शिकार करतात, मुलूख राखतात, त्यांना बछडी होतात. सालवृक्षांच्या दाट रानात, कोंदट सावलीत, काळा रंग त्यांना उपकारकच ठरत नसेल कशावरून? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्सेस रॉयल आणि ग्रिबेल या बेटांवर काळ्या अस्वलांच्या पोटी पांढरी अस्वले जन्मतात. तेथील आदिवासी त्यांना पूज्य मानीत आले आहेत. तेही अप्रभावी जनुकच, आणि तीही बेटावरची लहानशी वस्ती. तथापि राइमकेन आणि क्लिंका या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की दिवसाउजेडी सामन मासे धरताना पांढरे अस्वल काळ्यापेक्षा सरस ठरते, कारण आकाशाच्या उजेडावर पांढरे धूड माशाला चटकन ओळखू येत नाही. त्या अस्वलाला आपण रोगी म्हणणार काय? आणि आपल्याकडचा काळा बिबट्या? २०१८ च्या सुमारास तो ताडोबात प्रवाशांच्या दृष्टीस पडला, तेव्हा मी सेवेत नव्हतो, तरी जुन्या सहकाऱ्यांबरोबर त्या पाणवठ्यावर जाऊन आलो. सकाळचे तिरपे ऊन त्याच्या कुशीवर पडले आणि त्या काळ्या रंगाच्या आतून त्याच्या जातीची सारी गुलाबफुले एकेक करून वर आली; तो वळला, आणि पुन्हा सारे काळे. अशा प्राण्याला दोष म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

बाई : माझीही रेटणार नाही. आपण काढलेली दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत, आणि काळ्या बिबट्याचे तर माझ्याच पक्षाला अधिक उपयोगी आहे. त्याचा काळेपणाही अप्रभावीच. परंतु तो सह्याद्रीत, नीलगिरीत, आसामात सर्वत्र तुरळक उमटतो, आणि मलायाच्या द्वीपकल्पात क्रा संयोगभूमीच्या दक्षिणेस तर जवळजवळ सगळेच बिबटे काळे आहेत. इतक्या विस्तीर्ण प्रदेशात, इतक्या निरनिराळ्या कुळांत तो टिकून आहे, यावरून त्या रंगाने बिबट्याचे नुकसान होत नसावे असे मानण्यास जागा आहे. आणि त्या रंगाच्या मागे कोंडवाडा नाही, हेही उघड आहे. म्हणून मी रंगांत भेद करते. काळेपणाला मी रोग म्हणत नाही. पांढरेपणात मात्र पुष्कळदा खरी व्याधी असते, आणि तीही एका प्रकारची नाही.

येथे बाईंनी केलेले विवेचन मी थोड्या विस्ताराने देतो, कारण ‘पांढरा प्राणी’ या एका नावाखाली आपल्याकडे फार निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. प्राण्याला रंग देणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगत जन्म घेतात आणि तेथून कातडीखालून दोन्ही अंगांनी खाली, पोटाकडे, पायांकडे आणि कपाळाकडे चालत जातात. ही वाटचाल अर्ध्यावर थांबली तर ज्या टोकांना त्या पोहोचल्याच नाहीत ती टोके पांढरी राहतात. गुरांच्या कपाळावरचा चांद आणि पांढरे खूर याच हिशेबाचे, आणि एखाद्या सांबराच्या किंवा गव्याच्या अंगावर अवचित दिसणारे पांढरे ठिगळही त्याच हिशेबाचे. अशा प्राण्याचे डोळे बहुधा काळेच असतात. दुसऱ्या प्रकारात पेशी मुक्कामाला पोहोचतात, पण रंगद्रव्य तयार करणारे टायरोसिनेज हे विकर निकामी असते. मग केस, कातडी आणि डोळा, कोठेही रंग उरत नाही, आणि डोळ्यातील रक्तवाहिन्यांची लाली बाहेर दिसते. ही व्याधी केवळ वर्णाची नव्हे. नेत्रपटलावरील रंगद्रव्य हे गर्भावस्थेत डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना वाट दाखविण्याचे काम करीत असते. ते नसले की ज्या तंतूंनी आपल्याच बाजूला राहावयाचे तेही पलीकडे ओलांडून जातात, आणि दोन डोळ्यांनी मिळून अंतराचा अंदाज घेण्याची शक्ती दुबळी होते. झेप घेऊन पोट भरणाऱ्या जनावरास यापरती आपत्ती कोणती?

आप्पासाहेब : परंतु रीवाचा पांढरा वाघ या दोहोंत बसत नाही. त्याचे पट्टे शाबूत होते.

बाई : शाबूत होते, फिकट तपकिरी का होईना. त्याच्या अंगातील पिवळा-तांबूस रंग तेवढा गेलेला होता, काळा राहिला होता. एसएलसी४५ए२ या जनुकातील एका बदलाचा हा परिणाम आहे असे चीनमधील संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केले. तरीही डोळ्यातील रंगद्रव्य कमी पडल्याने व्हावयाचे ते झालेच. १९७३ साली गिलेरी आणि कास यांनी एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा तेथेही नेत्रतंतू वाट चुकलेले निघाले. पांढऱ्या वाघांत आढळणारा तिरळेपणा तेथून येतो. एवढ्यावर भागले असते तर मी पुढे बोलले नसते. आपल्याला मोहनची हकीकत ठाऊक आहे.

आप्पासाहेब : कोणा वनाधिकाऱ्याला ठाऊक नाही? १९५१ च्या मे महिन्यात रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांच्या शिकारीत एक वाघीण चार बछड्यांसह सापडली. आई आणि तीन पिवळी भावंडे बंदुकीस बळी पडली, आणि पांढरा तेवढा वाचला, तो पांढरा म्हणूनच. गोविंदगढच्या राजवाड्यात त्याची राहण्याची तजवीज झाली.

बाई : आणि बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेले एकही बछडे पांढरे निपजले नाही, तेव्हा तिच्यापासून झालेली त्याचीच मुलगी राधा त्याच्यासोबत ठेवण्यात आली, आणि १९५८ साली राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी ही चार पांढरी बछडी जन्मली. मोहिनी १९६० च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला जाऊन थेट अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमोर उभी राहिली, आणि पांढऱ्या वाघाचा सौदा जगभर सुरू झाला. रंग टिकविण्यासाठी बाप-मुलगी, भाऊ-बहीण अशा जोड्या लावीत गेल्यावर एकटा रंगच कसा टिकेल? त्याच्याबरोबर दबून राहिलेली इतर सारी अप्रभावी जनुकेही दुणावत गेली. त्यांतून वाकडे कणे, दुभंगलेले टाळू आणि अल्पायुषी बछडी निपजली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांना ही पैदास बंद करावयास सांगितले, परंतु तोवर अर्धे शतक लोटले होते.

याच जनुकाची आणखी एक हकीकत आहे. १९६६ साली विषुववृत्तीय गिनीच्या रानात एक पांढरे गोरिलाचे पिल्लू मेलेल्या आईला बिलगलेले सापडले. बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात ते ‘हिमकण’ या अर्थाच्या नावाने वाढले आणि २००३ साली कातडीच्या कर्करोगाने वारले. त्याच्या जनुकांचा तपास पुढे झाला, तेव्हा त्याचे आईबाप चुलता-पुतणीइतके जवळचे आप्त होते असे निष्पन्न झाले. ती जोडी कोणा माणसाने लावलेली नव्हती, आप्पासाहेब. ते रानातच घडले.

आप्पासाहेब : हे मी नाकारीत नाही. परंतु गोविंदगढचे पाप सिमिलीपालच्या माथी मारू नका. तेथे माणसाने बळजबरीने जोड्या लावल्या. येथे वाघ आपल्या मर्जीने जोडीदार निवडतो.

बाई : ज्याच्यापुढे निवडीस चुलतभावंडांखेरीज कोणी उरलेले नाही, त्याची मर्जी ती काय? सिमिलीपाल मोठे रान आहे, परंतु पिढ्या लोटल्या तरी इतर व्याघ्रवस्त्यांतून तेथे वाघ आलेला दिसत नाही. वाटेत खाणी, रेल्वे, शेते आणि गावे आहेत. मोजक्या वाघांपासून ही वस्ती पुन्हा वाढली आणि त्या मोजक्यांत कोणा एकाजवळ हे जनुक होते, एवढ्यानेच काळे वाघ इतके वाढले असण्याचा संभव संशोधकांनी गणिताने दाखविला आहे. काळा रंग स्वतः निरुपद्रवी असो. त्याच्याबरोबर दुसरे काय काय दुणावत आहे ते कातडीवर उमटत नाही. काळा रंग दिसतो म्हणून तर आपल्याला ही बातमी कळली. ज्या लहान कोंडलेल्या रानात अशी खूण उमटलीच नाही, तेथेही हेच चाललेले असेल आणि आपल्याला त्याचा सुगावाही नसेल.

बाईंचे हे शेवटचे वाक्य मला या साऱ्या वादाचे सार वाटते, आणि माझे मत विचाराल तर ते त्यांच्याच बाजूला झुकते. तथापि आप्पासाहेबांनी पुढे जी हरकत घेतली ती केवळ रंगाच्या मोहातून आलेली नव्हती.

आप्पासाहेब : मग बाहेरून वाघ आणणे हा इलाज सफल होतो तरी का? त्याच ओडिशात सातकोशियाच्या व्याघ्रप्रकल्पात २०१८ साली मध्यप्रदेशातून महावीर आणि सुंदरी ही जोडी नेली. काही महिन्यांतच महावीर मेलेला आढळला, सुंदरीवर माणसे मारल्याचा आरोप आला, लोक खवळले, आणि तिला कोंडून शेवटी परत धाडावे लागले. झीनत तीन आठवडे तीन राज्ये तुडवीत हिंडली. दैव बरे, म्हणून कोणाच्या जिवावर बेतले नाही. चार भिंतींआड बसून रक्तशुद्धीचा हिशेब मांडणे सोपे असते. ज्या गावकऱ्याच्या गोठ्यात अनोळखी वाघीण शिरते त्याला तो कसा समजावून सांगणार? मी माझ्या नोकरीत गावोगाव बसून ही समजूत घातली आहे. काळ्या वाघाचा अभिमान हा सिमिलीपालच्या भोवतालच्या मयूरभंजच्या माणसाला त्या रानाशी बांधणारा एक धागा आहे. तो तोडलात तर तुमचे जनुकवैविध्य राखणार कोण?

बाई : सातकोशियाचा दाखला मी मान्य करते, गावकऱ्यांना विश्वासात न घेता वाघ सोडला की काय होते ते तेथे दिसले. परंतु रंग नाहीसा होईल ही भीती व्यर्थ आहे. काळ्या नराचा ताडोबाच्या वाघिणीशी संबंध आला तर पहिली बछडी सारी पिवळी होतील, हे खरे. पण त्या प्रत्येकाच्या अंगात ते जनुक एकेरी राहील, आणि अशा दोघांच्या पुढच्या संततीत सरासरीने चौघांत एक काळा पुन्हा जन्मेल. काळे कमी होतील, विरळ होतील, पण राहतील. मयूरभंजच्या माणसाचा अभिमान दर दुसऱ्या वाघावरच उभा असला पाहिजे असे थोडेच आहे? जहांगीर बादशहाच्या दरबारात १६०८ साली राजा बीरसिंह देवाने एक पांढरा चित्ता आणून दाखविला, त्याची नोंद बादशहाने स्वतःच्या आत्मचरित्रात करून ठेवली. पुढे तो रंग जोपासण्याची खटपट कोणी केली नाही, आणि त्यामुळे चित्त्याचे काही बिघडले नाही. चित्ता या देशातून गेला तो शिकारीने, आणि त्याची गवताळ राने गेली म्हणून.

आप्पासाहेब : विरळ राहतील, हे आपण गणिताने सांगता. सत्तावीस वाघांच्या वस्तीत गणित दगा देते. ज्या योगायोगाने हे जनुक वाढले त्याच योगायोगाने ते दोन पिढ्यांत पुसलेही जाईल.

बाई : जाऊ शकते. याला माझ्याजवळ उत्तर नाही.

आप्पासाहेब : म्हणूनच ओडिशा सरकारने २०२४ च्या जानेवारीत बारीपद्याजवळ काळ्या वाघांची सफारी उघडण्याचा जो मनोदय जाहीर केला, त्याला माझा पाठिंबा आहे. रानात बाहेरचे रक्त येऊ द्या; पण एखादी जोडी निदान तेथे राखून ठेवा.

बाई : जोडी म्हणताक्षणी मला गोविंदगढ आठवते. जखमी झालेला, पोरका झालेला, रानात परत जाऊ न शकणारा काळा वाघ तेथे ठेवा, लोकांना दाखवा, त्यातून मिळणारा पैसा रानाच्या बंदोबस्तावर खर्च करा. माझी मुळीच हरकत नाही. परंतु रंगासाठी जोडी लावू नये, हा शिरस्ता पहिल्या दिवशीच लेखी हुकमाने ठरला पाहिजे. नाहीतर पाहावयास येणाऱ्याला काळाच वाघ हवा असणार, आणि पिवळे बछडे जन्मले की पुन्हा बापाजवळ मुलगी सोडण्याचा मोह कोणाला तरी होणार.

आप्पासाहेब : हुकमाचे मान्य. जोडीचे मान्य नाही.

येथे दोघेही थांबले, आणि त्या मुद्द्यावर त्यांचे एकमत अखेरपर्यंत झाले नाही. एका बाबतीत मात्र आप्पासाहेबांनीच पुढाकार घेतला. ते म्हणाले, झीनतच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. ती कोणत्या नाल्याने उतरली, कोणत्या टेकडीवर दिवसा थांबली, रस्ते आणि रूळ कोठे ओलांडले, याची टिपणे तीन राज्यांच्या वनखात्यांच्या दफ्तरी पडून असतील. ती एकत्र करून नकाशावर चढविली, आणि तेवढ्या पट्ट्यातील झाडोरा व पाणवठे राखले, गावांना गुरांची भरपाई वेळेवर पोहोचली, तर सिमिलीपालला पुढचा वाघ पिंजऱ्यातून न्यावा लागणार नाही. बाईंनी लागलीच कागद ओढला आणि त्या तिन्ही खात्यांना पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा दोघांनी मिळून सुरू केला. मायना काय असावा यावर पुन्हा थोडा वाद झाला.